जर्मनीत एमएस: कोल्हापुरातून निघण्याआधी व्हिसाचं आणि पैशांचं वेळापत्रक

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण फी नसते, हे आता कोल्हापुरातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांच्या प्रत्येक कट्ट्यावर माहीत आहे. मग घरचे विचारतात, खर्च किती? उत्तर म्हणून एकच आकडा सांगितला जातो, ११,९०४ युरो. आकडा खरा आहे, पण तो व्हिसासाठी दाखवायच्या पैशांचा आहे. प्रत्यक्ष खर्च शहरागणिक बदलतो. शिवाय सगळे पैसे एकदम लागत नाहीत. काही वर्षभर आधी लागतात, बरेचसे जून-जुलैत. सगळ्यात अडचणीचे मात्र तिथे उतरल्यावर पहिल्या सहा आठवड्यांत लागतात. तेव्हा बारा लाख आपल्या नावावर असतात आणि त्यातला एक युरोही हातात येत नाही. म्हणून हा लेख रकमांपेक्षा तारखांच्या क्रमाने लिहिला आहे.

सगळं गणित ऑक्टोबरच्या प्रवेशाचं, म्हणजे तिथल्या हिवाळी सत्राचं आहे. सोयीसाठी १ युरो = १०० रुपये धरला आहे. त्या दिवशीचा भाव तुम्ही घाला. ब्लॉक्ड अकाउंटच्या, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरायच्या बंद खात्याच्या, रकमेवर युरो एक रुपयाने चढला की ११,९०४ रुपये वाढतात, एवढं लक्षात ठेवलं तरी अंदाज चुकत नाही.

आधीच्या वर्षीचा सप्टेंबर: नाव आणि कागद

पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा. कोल्हापूर जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो, आणि शहरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, त्यामुळे पुण्याला जायची गरज सहसा पडत नाही. असलेला पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत.

आपल्याकडे खरी गडबड नावाची होते. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर दोनच रकाने, दिलेलं नाव आणि आडनाव. वडिलांचं नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, किंवा स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त आहे, की पुढे प्रत्येक टप्प्यावर खुलासा मागितला जातो. साधा नियम ठेवा: जर्मनीशी संबंधित प्रत्येक अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने, त्याच स्पेलिंगने. विमानाचं तिकीट आणि विमा त्यात आले. पासपोर्ट आणि पदवी यांत मोठा फरक असेल तर तो आत्ताच दुरुस्त करून घ्या. जुलैत वेळ नसतो.

शिवाजी विद्यापीठाची ट्रान्सस्क्रिप्ट मागताना एकदम पाच-सहा प्रती घ्या. कॉलेज स्वायत्त असेल तर गुणपत्रिका कॉलेजच्या परीक्षा विभागाकडून येतात आणि पदवी विद्यापीठाची असते, म्हणजे दोन ठिकाणी अर्ज. काही कॉलेजं लोणेऱ्याच्या विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्या मुलांनी लोणेऱ्याच्या फेऱ्यांचा वेळ वेगळा धरावा. पदवी प्रमाणपत्रासाठी पदवीदान समारंभाची वाट पाहू नका. निकाल लागला की तात्पुरतं प्रमाणपत्र लगेच काढा.

एपीएस: हे अडलं की सगळं अडतं

१ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र लागतं. तुमची शैक्षणिक कागदपत्रं खरी आहेत का, हे दिल्लीतलं हे कार्यालय तपासतं. फी १८,००० रुपये. काही आठवड्यांत मिळालं तर उत्तम, पण गर्दीच्या दिवसांत काही महिनेही लागतात. बरीच विद्यापीठं प्रवेश अर्जासोबतच ते मागतात, म्हणून नोव्हेंबरपर्यंत अर्ज गेलेला बरा.

अर्ज परत येण्याची कारणं अगदी साधी असतात: स्कॅन अस्पष्ट, गुणपत्रिकेची मागची बाजू जोडलेली नाही, एटीकेटी लागलेल्या सेमिस्टरची जुनी गुणपत्रिका गाळलेली. नापास झालेल्या विषयाची गुणपत्रिका लपवू नका. विषय पुढे सुटला असेल तर त्याने काही बिघडत नाही. सेमिस्टरची साखळी तुटलेली दिसली की मात्र शंका येते.

जानेवारी ते जुलै: प्रवेश अर्ज

अनेक विद्यापीठांचे अर्ज युनि-असिस्ट या संस्थेमार्फत जातात. पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो. सहा ठिकाणी अर्ज केला तर २२५ युरो, म्हणजे साधारण २२,५०० रुपये. काही विद्यापीठं स्वतःच्या पोर्टलवर थेट अर्ज घेतात. शेवटची तारीख १५ जुलै असं सगळीकडे ऐकू येतं, पण इंग्रजीतून शिकवल्या जाणाऱ्या बऱ्याच मास्टर्स अभ्यासक्रमांची मुदत मार्च ते मे दरम्यानच संपते. मुदत विद्यापीठाची नव्हे, त्या अभ्यासक्रमाची पाहायची.

'फी नाही' याला अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरुहे, हायडेलबर्ग या भागात, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला २,००० ते ६,००० युरो घेतं. खाजगी विद्यापीठांची फी तर वर्षाला दहा हजार युरोच्या पुढे सहज जाते.

सल्ला केंद्रांबद्दल स्पष्ट बोलणं भाग आहे. सरकारी विद्यापीठं एजंटला कमिशन देत नाहीत, खाजगी देतात. 'तुमच्या गुणांवर सरकारीत होणार नाही' असं सांगून कुणी खाजगी विद्यापीठाचं पत्र आठवड्याभरात हातात ठेवत असेल, तर ते पत्र कुणाच्या फायद्याचं आहे हे आईवडिलांनी विचारावं. अर्ज स्वतः भरता येतात. इंग्रजी वाचता येणाऱ्या मुलाला त्यात अवघड काही नाही.

कर्ज: जानेवारीतच सुरुवात करा

शैक्षणिक कर्जाच्या नेहमीच्या योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. साडेसात लाखांपर्यंत त्रयस्थ जामीन चालतो, त्यावर तारण. परदेशी शिक्षणासाठी १५ टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या घरांचं घोडं तारणावर अडतं, म्हणून इथे थोडं थांबू.

पहिला गैरसमज शेतीचा. चार एकर बागायत असली की कर्ज सहज होईल असं वाटतं. पण बँका ज्या सरफेसी कायद्याने तारणाची वसुली करतात, तो शेतजमिनीला लागू होत नाही. त्यामुळे शैक्षणिक कर्जाला शेतजमीन घ्यायला बँक बहुधा नकार देते. एनए प्लॉट, फ्लॅट, शहरातलं घर किंवा मुदत ठेव चालते.

दुसरी अडचण घराच्या कागदांची. गावठाणातल्या घराला नुसता ग्रामपंचायतीचा नमुना ८ असेल तर बऱ्याच बँका तो पुरेसा मानत नाहीत. सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका असेल तर काम सोपं. पेठांमधल्या जुन्या घरांवर आजोबांचं किंवा तीन-चार चुलत्यांचं नाव असतं. तिथे आधी वारस नोंद, मग सगळ्या हिस्सेदारांची संमती. हे काम घरातल्या घरात जितकं दिसतं त्याच्या तिप्पट वेळ खातं. त्यानंतर बँकेच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि मूल्यांकन. सगळं धरून किमान दोन महिने. मे महिन्यात प्रवेशपत्र आल्यावर धावपळ सुरू केली तर व्हिसाची तारीख हातची जाते. कागदांची तपासणी प्रवेशपत्राआधीही करून ठेवता येते, शाखाधिकाऱ्यांना तसं विचारा.

ज्यांची भिस्त ऊसबिलावर आहे त्यांनी बिलाचा पूर्ण आकडा बजेटमध्ये घालू नये. सोसायटीच्या पीककर्जाची कपात होऊन हातात जे उरतं तेवढंच धरा. हंगाम मार्चच्या आसपास संपतो आणि पैसे जूनमध्ये लागतात. मधल्या तीन महिन्यांत ती रक्कम घरखर्चात, लग्नकार्यात विरघळते. आलेल्या दिवशीच मुदत ठेवीत टाका, शक्यतो त्याच बँकेत जिथून परदेशी पैसे पाठवायचे आहेत.

हप्त्याचा अंदाजही आधीच घ्या. १५ लाख कर्ज, १० टक्के व्याज, दोन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष सवलत, असं धरू. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली आणि मधलं व्याज भरलंच नाही, तर सरळव्याजानेच साडेचार लाख चढतात. मग १९.५ लाखांचा दहा वर्षांचा हप्ता साधारण २५,८०० रुपये येतो. मधल्या तीन वर्षांत व्याज दरमहा भरलं, म्हणजे कमाल १२,५००, तर हप्ता २० हजारांच्या आत राहतो. घरच्यांना जमत असेल तर दुसरा मार्ग घ्या. दुसऱ्या वर्षाची रक्कम दुसऱ्या वर्षीच उचला, म्हणजे व्याजाचा भार आणखी हलका होईल.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीची योजना आहे. दोन्हींत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. त्यामुळे विद्यापीठांची यादी करतानाच ती अट समोर ठेवा.

मे-जून: ब्लॉक्ड अकाउंट

वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो जर्मनीतल्या एका बंद खात्यात आधीच भरायचे आणि तिथे गेल्यावर दरमहा ९९२ युरो मिळायचे, अशी ही व्यवस्था. जर्मन भाषेत श्पेरकोंटो. एक्स्पाट्रिओ, फिंटिबा, कोराकल अशा कंपन्या हे खातं ऑनलाइन उघडतात. त्यांची फी वेगळी असते, ती आणि महिन्याचा आकार मिळून शंभर-दीडशे युरो धरा. रक्कम अधूनमधून वाढते, म्हणून पाठवण्याआधी जर्मन दूतावासाच्या संकेतस्थळावरचा आकडा पाहून घ्या.

पैसे पाठवताना क्रम असा ठेवा. आधी खातं उघडून कंपनीचं पत्र घ्या, त्यात नेमकी रक्कम आणि संदर्भ क्रमांक असतो. मग बँकेच्या परकीय चलन विभाग असलेल्या शाखेत जा. तालुक्याच्या शाखेत दिलेला अर्ज कोल्हापूरच्या मोठ्या शाखेत येतो आणि तीन-चार दिवस तिथेच जातात, त्यापेक्षा थेट मोठ्या शाखेत गेलेलं चांगलं. ए-२ फॉर्मवर, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या अर्जावर, उद्देश शिक्षणाचा, कोड एस ०३०५. पॅन, पासपोर्ट, प्रवेशपत्र आणि कंपनीचं पत्र सोबत. संदर्भ क्रमांक न चुकता लिहायला सांगा, नाहीतर पैसे पोहोचतात पण कुणाचे ते कळत नाही.

सर्वाधिक वेळा चुकतं ते बँक शुल्कात. मधल्या बँका आपलं शुल्क पाठवलेल्या रकमेतून कापून घेतात. १०-२० युरो कमी पोहोचले तरी खातं पूर्ण भरल्याचं प्रमाणपत्र मिळत नाही, आणि उरलेले १५ युरो पाठवण्यासाठी पुन्हा सगळी प्रक्रिया. 'सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडे' हा पर्याय निवडा आणि वर ५० ते १०० युरो जास्त घाला.

आता टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक कापून घेते तो कर. एका आर्थिक वर्षात एका पॅनवर १० लाखांपर्यंत परदेशी पाठवलं तर हा कर लागत नाही. ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम बारा लाखांच्या घरात जाते, म्हणजे वरच्या भागावर कर कापला जातो. फॉरेक्स कार्डात भरलेले पैसेही याच मर्यादेत मोजले जातात. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून थेट पाठवलेल्या रकमेवर टीसीएस नाही. पतसंस्थेच्या कर्जाला ही सवलत मिळत नाही. वडिलांच्या खात्यातून काही आणि आईच्या खात्यातून काही पाठवलं तर दोघांच्या मर्यादा वेगळ्या. मात्र दोन स्वतंत्र व्यवहार चालतील का, हे ब्लॉक्ड अकाउंटच्या कंपनीला आधी विचारा. कापलेला टीसीएस विवरणपत्र भरून परत मिळतो. तोवर ती रक्कम अडकते एवढाच तोटा.

व्हिसा अर्ज

प्रवेशपत्र आलं त्याच आठवड्यात अर्ज करा. आता अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. कागद अपलोड केल्यावर त्रुटी कळवल्या जातात, त्या दुरुस्त केल्यावर बोटांचे ठसे आणि मूळ कागदांसाठी व्हिसा अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस कंपनीच्या केंद्रात जायची वेळ मिळते. महाराष्ट्र मुंबईच्या वाणिज्य दूतावासाखाली येतो. फी ७५ युरो, रुपयांत भरायची, शिवाय केंद्राचं सेवाशुल्क. निर्णयाला सहा ते बारा आठवडे धरा.

लागणारे कागद: पासपोर्ट, ३५ × ४५ मिलिमीटरचे बायोमेट्रिक फोटो, प्रवेशपत्र, एपीएस, ब्लॉक्ड अकाउंटचं प्रमाणपत्र, इंग्रजी किंवा जर्मनचा दाखला, दहावीपासूनच्या गुणपत्रिका, बायोडेटा, आरोग्य विम्याचा पुरावा आणि उद्देशपत्र. फोटो देताना फोटोवाल्याला 'जर्मन व्हिसाचा' असं सांगा. साध्या पासपोर्ट फोटोत चेहऱ्याचं माप बसत नाही.

उद्देशपत्र स्वतः लिहा. एजंटकडची तयार पत्रं एकाच साच्याची असतात आणि तपासणाऱ्यांनी ती शेकड्याने पाहिलेली असतात. त्यांना दोनच गोष्टी हव्या असतात. हा अभ्यासक्रम आधीच्या शिक्षणाला जोडून येतो का, आणि पुढे याचं काय करणार. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत इंटर्नशिप केलेल्या मेकॅनिकलच्या मुलाने कास्टिंगमधल्या दोषांवर काय काम केलं आणि मटेरियल सायन्समधला कोणता विषय त्यासाठी शिकायचा आहे, एवढं नेमकं लिहिलं तरी पत्र उठून दिसतं. शिक्षणात वर्ष-दोन वर्षांचा खंड असेल तर तो सरळ सांगा.

पूर्वी व्हिसा नाकारला तर लेखी फेरविचार मागता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता नवा अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या न्यायालयात जायचं. म्हणून पहिलाच अर्ज पूर्ण हवा.

एक स्थानिक सूचना. भेटीच्या तारखा नेमक्या जुलै-ऑगस्टमध्ये येतात आणि पंचगंगेला पूर त्याच दिवसांत येतो. २०१९ आणि २०२१ मध्ये महामार्ग पाण्याखाली जाऊन कोल्हापूरचा रस्ता बंद झाला होता. धरणांतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की दोन दिवस आधीच निघा आणि मूळ कागदांची पिशवी सोबत घ्या. चुकलेल्या वेळेच्या बदल्यात दुसरी लगेच मिळेलच असं नाही.

महिन्याला किती लागतं

खेम्निट्झ, माग्डेबुर्ग, इल्मेनाऊ यांसारख्या शहरांत विद्यार्थी वसतिगृहाची खोली धरून हिशोब असा: भाडं ३३०, सरकारी आरोग्य विमा १५०, जेवण २२०, फोन-इंटरनेट २५, तिघांत वाटलेली रेडिओ-टीव्ही फी ६ (घरामागे १८.३६ असते), सेमिस्टर शुल्काचा (हे शिक्षण फीपेक्षा वेगळं) मासिक वाटा ५०, किरकोळ ८०. एकूण ८६१ युरो. म्हणजे ९९२ मध्ये भागतं आणि थोडं उरतंही.

म्युनिकमध्ये खोलीच ७०० च्या आसपास. विमा १५०, जेवण २५०, फोन २५, प्रवासाचा मासिक पास ६३, किरकोळ १०० धरले की १,२८८ युरो. दरमहा जवळपास ३०० युरोंची तूट, वर्षाला साडेतीन लाख रुपये. दोन ठिकाणी प्रवेश मिळाला असेल तर ही तूट दोन वर्षांनी गुणून मग निर्णय घ्या.

विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे आणि मिनिजॉबची, म्हणजे छोट्या अर्धवेळ नोकरीच्या कमाईची, मर्यादा महिना ६०३ युरो. महिन्याला ४३ तास काम केलं की ही मर्यादा गाठते. पण पहिल्या सेमिस्टरच्या बजेटमध्ये ही कमाई शून्यच धरा. भाषा येत नाही, शहर नवं, परीक्षा फेब्रुवारीत.

विम्याची एक चूक कायमची ठरते. स्वस्त म्हणून सुरुवातीला खाजगी विमा घेऊन सरकारी विम्यातून सूट मागितली, तर ती सूट त्या शिक्षणापुरती मागे घेता येत नाही. ३० वर्षांखालच्या विद्यार्थ्याने सरकारी विमाच घ्यावा. प्रवासापासून नोंदणीपर्यंतच्या दिवसांसाठी प्रवास विमा वेगळा काढायचा.

पहिले सहा आठवडे

ब्लॉक्ड अकाउंटमधले ९९२ युरो सुरू होण्याआधी जर्मन बँकेत साधं खातं लागतं. त्यासाठी बहुतेकदा नगरपालिकेत पत्त्याची नोंदणी लागते, आणि नोंदणीसाठी घरमालकाचं पत्र. घर मिळालं नाही तर पुढचं सगळं थांबतं. शिवाय घराचं डिपॉझिट, कायद्याने ते मूळ भाड्याच्या तिप्पटपर्यंत मागता येतं. ३३० च्या खोलीला पहिलं भाडं आणि डिपॉझिट मिळून १,३०० युरोपर्यंत लागतात. त्यावर सेमिस्टर शुल्क १०० ते ४००, दोन महिन्यांचा विमा, गादी-भांडी, निवास परवान्याची १०० युरोपर्यंतची फी.

म्हणून ब्लॉक्ड अकाउंटखेरीज किमान २,५०० युरो हाताशी हवेत. ३०० ते ५०० रोख, बाकी फॉरेक्स कार्डात. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशपत्राच्या दिवशीच करा, प्रतीक्षायादी एका सेमिस्टरची असू शकते. घर न पाहता, करार न करता आगाऊ पैसे मागणाऱ्या जाहिरातींना कधीही पैसे पाठवू नका. नव्या विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी फसवणूक इथेच होते.

सामानात कांदा-लसूण चटणी आणि मसाले चालतात. तूप, पेढे, मटणाचं लोणचं चालत नाही, कारण बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात न्यायला बंदी आहे. ताजा कढीपत्ताही घरीच राहू द्या. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह घ्या.

उतरल्यावर पत्त्याची नोंदणी, बँक खातं, ब्लॉक्ड अकाउंट सुरू करणं, विमा, विद्यापीठातली नोंदणी आणि शेवटी निवास परवान्यासाठी परदेशी नागरिक कार्यालयाची वेळ, अशी कामं येतात. विद्यापीठाची नोंदणीची मुदत जवळ असेल तर विमा आधी करा, त्याशिवाय नाव दाखल होत नाही. परदेशी नागरिक कार्यालयाची वेळ मिळायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून व्हिसा संपायची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात मागणी नोंदवा. दुसऱ्या वर्षी परवाना वाढवताना पुढच्या वर्षाच्या पैशांचा पुरावा पुन्हा द्यावा लागतो. बँकेकडून दुसरा हप्ता उचलायचा असेल तर पहिल्या वर्षाची गुणपत्रिका घरी पाठवून ही तयारी परवाना संपण्याच्या तीन महिने आधी सुरू करा.